दिवा का लागत नाही, ते आपणच बघू!

मैत्रिणींनो, आपल्या तालुक्याच्या गावांत बाईनं गाडी चालवणं याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. सकाळी शाळेच्या दारात बघा, बँकेसमोर बघा, बाजाराच्या दिवशी मंडईच्या कोपऱ्यावर बघा. जिल्हा परिषद शाळेतल्या बाई स्वतःची छोटी गाडी घेऊन वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावाला जातात. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर सूनच गाडी काढते. पण दिवस मावळला की हीच चावी गुपचूप दुसऱ्याच्या हातात जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अगं, रात्रीचं नको. आणि त्या लाइटचं काहीतरी झालंय म्हणे."

या "काहीतरी झालंय"वर माझा खरा राग आहे. काय झालंय? कुठला लाइट? डावा की उजवा? पुढचा की मागचा? अजिबात लागत नाही, की मिणमिणता लागतो? याची उत्तरं कुणाकडेच नसतात. "हे रविवारी आले की बघतील," असं म्हणून आपण तो विषय संपवतो. तोवर संध्याकाळचं हळदीकुंकू चुकतं, मुलीचा क्लास सुटायच्या वेळी कुणाला तरी फोन करून विनवण्या कराव्या लागतात आणि माहेरहून उजेडातच निघावं लागतं.

आता गंमत बघा. घरात मिक्सर बंद पडला तर आपण काय करतो? आधी लाइट आहे का बघतो. मग प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघतो. मग भांडं नीट बसलंय का ते बघतो. मग मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबतो. एवढं करून नाही चालला तरच तो दुकानात जातो, आणि तिथेही आपण सांगतो, "करंट येतोय, बटण दाबून झालंय, मोटारच फिरत नाही." याला इंग्रजी मासिकात मोठं नाव असेल, आपल्याकडे याला नुसतं "बघणं" म्हणतात. गाडीचा दिवा बघायला यापेक्षा जास्त अक्कल लागत नाही. तरी मिक्सरचं आपलं आणि गाडीचं त्यांचं, ही वाटणी कुणी केली?

माझं म्हणणं साधं आहे. दुरुस्ती करायला वायरिंगवाला आहे, ते त्याचं पोट आहे, त्यानं ते करावं. पण बिघाड साधारण कुठे आहे हे शोधणं, हे ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचं काम. आणि स्टिअरिंग आपल्या हातात असेल तर ते आपलं काम.

अंधारात काय होतं

आमचा भाग उसाचा. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर, त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे ना दिवा, ना धड रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आणि आपला एकच हेडलाइट चालू, अशा वेळी ती ट्रॉली किती जवळ आल्यावर दिसते, हे त्या रस्त्यानं गेलेल्यालाच माहीत.

आपला एक हेडलाइट बंद असेल तर आणखी एक धोका असतो. समोरच्याला आपली गाडी मोटारसायकल वाटते. विशेषतः उजवीकडचा बंद असेल तर तो "दुचाकी आहे, जाईल कडेनं" असं समजून मध्ये घुसतो आणि त्याला आपल्या गाडीची अर्धी रुंदी दिसलेलीच नसते. मागच्या दिव्यांचं तर विचारूच नका. ब्रेक लाइट बंद असेल तर चालवणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण तो आपल्या पाठीमागे लागतो. मागून येणाऱ्याला कळतं, आणि तेही धडकल्यावर.

कायद्यातही हे लिहिलेलं आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणं बंधनकारक आहे आणि मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. दुचाकींसाठी तर एप्रिल २०१७ पासून नवीन गाड्यांना इंजिन सुरू झालं की आपोआप लागणारा हेडलाइट सक्तीचा झाला. दिवा हा फक्त आपल्याला दिसावं म्हणून नसतो, आपण दिसावं म्हणूनही असतो. हे सरकारला पटलं, आपल्या घरात पटायला हवं.

आधी प्रश्न, मग पाना

मला हे सगळं शिकवलं ते आमच्या एस.टी. स्टँडमागच्या वायरिंगवाल्या चाचांनी. त्यांच्याकडे गाडी नेली की ते बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारतात. "ताई, एक गेलाय की दोन्ही? आधी ते सांगा." पहिले दोन-तीन वेळा मला वाटलं, वेळ घालवतायत. मग लक्षात आलं, निम्मं काम त्या प्रश्नांतच होतं. ते चार प्रश्न तुम्हालाही सांगते.

पहिला, एक गेलाय की दोन्ही? एकच दिवा गेला असेल तर बिघाड त्या दिव्यापाशीच असण्याची शक्यता जास्त. बल्ब, बल्बचा होल्डर, त्याची अर्थिंग, नाहीतर फार तर त्याचा स्वतःचा फ्यूज. दोन्ही एकदम गेले तर दोघांना मिळून जे एक आहे तिथे बघायचं. म्हणजे रिले, बटण, नाहीतर दोघांचा मिळून असलेला फ्यूज. आपल्या गल्लीत एकाच घरातली वीज गेली तर आपण त्या घरात बघतो, सगळ्या गल्लीची गेली तर डीपीकडे बघतो. अगदी तसंच.

दुसरा, पूर्ण बंद आहे की मंद आहे? पूर्ण बंद म्हणजे वाट तुटली. मंद म्हणजे वाट आहे पण खराब आहे. गंजलेला जोड, सैल स्क्रू, नाहीतर थकलेली बॅटरी.

तिसरा, सारखाच बंद आहे की कधी लागतो, कधी नाही? खड्ड्यातून गेल्यावर लागत असेल तर कुठेतरी सैल आहे.

चौथा, कधीपासून? पावसानंतर? गाडी धुतल्यानंतर? नवीन म्युझिक सिस्टिम नाहीतर मोठा हॉर्न बसवल्यानंतर? गाडी पंधरा दिवस नुसती उभी होती त्यानंतर? शेवटच्याचं उत्तर "हो" असेल तर बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते आधी बघा. आपल्याकडे घरामागे धान्याची पोती आणि शेजारी उभी गाडी, म्हणजे उंदरांना दोन्ही घरं सोयीची.

या चार प्रश्नांना पैसा लागत नाही, पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत.

कुठला दिवा काय सांगतो

आता एकेक दिवा घेऊ. त्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. घरातल्या बल्बला दोन वायरी लागतात. गाडीत बहुतेक दिव्यांना बॅटरीकडून एकच वायर येते आणि परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं निगेटिव्ह टोक पत्र्यालाच जोडलेलं असतं. दिव्यापासून निघालेली छोटीशी वायर जवळच कुठेतरी स्क्रूनं पत्र्याला बसवलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. तो स्क्रू गंजला की दिवा चक्रम वागायला लागतो.

इंडिकेटर सगळ्यात बोलका. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टिकटिक करायला लागला, तर बहुतेक वेळा त्या बाजूचा पुढचा किंवा मागचा बल्ब गेलेला असतो. आपण स्टिअरिंगमागे बसून "आज जोरात वाजतोय" म्हणतो आणि पुढे जातो. खाली उतरून दोन्ही टोकं बघितली की कुठला गेला ते समजतं. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद, पण चारही एकदम लागणारं लाल त्रिकोणाचं बटण दाबलं की लागतात, तर बल्ब ठणठणीत आहेत. दोष बटणात नाहीतर फ्यूजमध्ये.

ब्रेक लाइट. मागचे दोन आणि काचेतला तिसरा, तिन्ही बंद असतील तर फ्यूज बघा, नाहीतर ब्रेकच्या पायडलच्या वर असलेला छोटा स्विच. काचेतला लागतो पण खालचे नाही, तर बल्ब आणि होल्डर. उलट ब्रेक सोडला तरी दिवे लागलेलेच राहत असतील तर त्या स्विचवर टेकणारं पायडलजवळचं छोटं रबर नाहीतर प्लॅस्टिक तुटून पडलेलं असू शकतं. पायाशी चटईवर तुकडे दिसतात का बघा. हे लक्षात आलं नाही तर सकाळी बॅटरी उतरलेली आणि आपण बॅटरीलाच दोष देत बसतो.

मागे ब्रेक दाबल्यावर पार्किंग लाइट विचित्र मंद होतो, नाहीतर इंडिकेटरबरोबर शेजारचा दिवाही लुकलुकतो, तर ती अर्थिंगची खूण. करंटला परत जायची वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी तीन-तीन बल्ब बदलून उपयोग नाही. जोड साफ करून स्क्रू घट्ट केला की काम होतं. चाचा म्हणतात, "अर्थ लागला की सगळं लागतं." मराठीत तर हे दोन्ही अर्थांनी खरं आहे.

हेडलाइट. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. एकाच बल्बमध्ये दोन तारा, एक अप्परची ६० वॅटची आणि एक डिपरची ५५ वॅटची. म्हणून एका बाजूचा अप्पर लागतो आणि डिपर लागत नाही, असं झालं तर बहुधा बल्बमधली एक तार गेली, एवढंच. शे-दोनशे रुपयांचं काम. दोन्ही डिपर एकाच दिवशी गेले असं वाटत असेल तर जरा आठवून बघा. कित्येकदा एक आधीच महिनाभर गेलेला असतो, कुणी बघितलेलं नसतं, आणि दुसरा गेल्यावर कळतं.

गाडी उभी असताना दिवे मंद आणि ॲक्सिलरेटर दाबला की प्रखर होत असतील, तर बल्ब सोडा, बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून घ्या. बाजारात काहीशे रुपयांना छोटा मल्टिमीटर मिळतो. गाडी रात्रभर बंद असेल तर चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा येतो, इंजिन चालू केल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा. इंजिन चालू असूनही आकडा वर चढत नसेल तर चार्जिंग होत नाही. एवढं स्वतः बघता आलं तर "बॅटरी बदला" म्हणणाऱ्या दुकानदाराला आपण दोन प्रश्न विचारू शकतो.

आणि हे सगळं बघायला दुसरं माणूस लागतं, ही सबब नको. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइट लावा, भिंतीवर उजेडाचे दोन गोल मोजा. मग गाडी उलटी लावा आणि ब्रेक दाबून आरशात मागच्या भिंतीवरचा लाल उजेड बघा. तेही जमत नसेल तर मोबाइल मागे विटेला टेकवून व्हिडिओ चालू करा, पुढे जाऊन ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स सगळं एकदा करा आणि येऊन बघा. महिन्यातून एकदा, दहा मिनिटांचं काम.

फ्यूजची डबी

फ्यूज म्हणजे गाडीचा पहारेकरी. करंट जास्त झाला की तो स्वतः जळतो आणि वायरी वाचवतो. गाडीत फ्यूजची एक पेटी बॉनेटखाली असते आणि बहुतेक गाड्यांत दुसरी डॅशबोर्डखाली गुडघ्यापाशी. झाकणाच्या आत चित्र असतं, कुठला फ्यूज कशाचा ते. गाडीबरोबर आलेलं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये तसंच पडलेलं असतं ना, त्यातही असतं. पुस्तक इंग्रजीत असलं तरी चित्राला भाषा लागत नाही.

नेहमीच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. बांगड्यांच्या दुकानात रंग ओळखणाऱ्या आपण, हे चार रंग पाठ व्हायला कितीसा वेळ? गाडी बंद करून, चावी काढून, फ्यूज ओढून उजेडात धरायचा. आतली तार अखंड दिसली तर चांगला, तुटलेली किंवा काळवंडलेली तर गेला. त्याच आकड्याचा नवा बसवायचा.

इथे मात्र मी हात जोडून सांगते. फ्यूजच्या जागी चांदीचा कागद, तारेचा तुकडा किंवा मोठ्या आकड्याचा फ्यूज कधीही घालू नका आणि कुणाला घालू देऊ नका. नवा फ्यूजही लगेच जळला तर कुठेतरी वायर सोलली गेलीय. तिथे आपलं बघणं संपतं. दिवे बंद ठेवा आणि गाडी वायरिंगवाल्याकडे दाखवा. पहारेकऱ्याला बांधून ठेवलं तर चोर वाटेल तिथून येतो, इथे चोर म्हणजे आग.

"जास्त उजेड पडेल" म्हणून १०० वॅटचा बल्ब घालण्याचंही तसंच. ५५ वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, १०० वॅटला आठच्या वर. मूळ वायरी तेवढ्या जाड नसतात. होल्डर वितळतो, काच पिवळी पडते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातं ते वेगळंच.

हात घालण्याआधी आणखी दोन गोष्टी. बॅटरीजवळ काम करताना अंगठी, सोन्याच्या किंवा धातूच्या बांगड्या काढून ठेवा आणि मंगळसूत्र आत खोचा. बारा व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, पण बॅटरीचं टोक आणि पत्रा यांच्यामध्ये धातूची बांगडी आली तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो. आणि हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेला लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बल्ब गार होऊ द्यायचा आणि स्वच्छ सुती फडक्यानं धरायचा.

नव्या गाड्यांत एलईडी दिवे आलेत. त्यात बहुधा बल्ब बदलायची सोय नसते, अख्खा दिवाच बदलावा लागतो. तिथे उघडाउघडी नको. विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड वायरींना तर कधीच हात लावायचा नाही. त्यातला दाब जीवघेणा असतो. पण वरचे चार प्रश्न तिथेही लागू पडतातच.

त्या रात्री काय झालं

हे सगळं कशासाठी, ते एका प्रसंगानं सांगते. आमच्या गल्लीत एक सिस्टर राहतात. अठरा किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात त्यांची नोकरी. एका रात्री आठच्या सुमाराला फोन आला, बाळंतपणाची केस आलीय, दुसऱ्या सिस्टर रजेवर. गाडी काढली तर दोन्ही डिपर बंद. मालक पुण्याला. दीर म्हणाले, "आता कुठं जाता वहिनी, उद्या बघू. दुसरं कुणीतरी जाईल." दुसरं कुणी नव्हतंच.

त्या माझ्याकडे आल्या, "ताई, जरा बघता का?" आम्ही दोघींनी बॅटरीच्या उजेडात बघितलं. अप्पर लागत होते, म्हणजे बॅटरी ठीक. अप्पर लावून जावं तर समोरून येणाऱ्यांचे डोळे दिपणार, ते नको. त्यांच्या गाडीत डाव्या आणि उजव्या डिपरचे फ्यूज वेगवेगळे, दोन्ही काढून बघितले, दोन्ही चांगले. दोन बल्बच्या दोन तारा एकाच वेळी जातील हे अवघड. मग दोघांना मिळून एक काय? रिले. काळा चौकोनी डबीसारखा असतो. झाकणावरच्या चित्रात बघितलं तर शेजारी ए.सी.चा रिले होता, वर तोच नंबर छापलेला. गाडी बंद करून त्याची जागा डिपरच्या रिलेला दिली. चावी फिरवली आणि दोन्ही दिवे भिंतीवर पडले.

सिस्टर नऊच्या आत केंद्रावर पोचल्या. ए.सी. बंद, दिवे चालू. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवा रिले आणला, किरकोळ किमतीचा. दीरही नंतर म्हणाले, "मला दाखवा ना कसं केलं ते." मला त्यातली हीच गोष्ट जास्त आवडली. एकीनं बघितलं की घरातल्या सगळ्यांना कळतं.

"पूर्ण वायरिंग बदलावं लागेल"

बिघाड सांगता येत नाही तेव्हा आपल्याला सगळ्यात महाग उत्तर मिळतं. माझ्या मावसबहिणीला एका गॅरेजमध्ये सांगितलं, "मॅडम, अख्खं वायरिंग गेलंय." हजारांतला आकडा. ती घरी परत आली, भिंतीसमोर गाडी लावून बघितलं. बंद होता तो फक्त मागचा डावा दिवा. होल्डर काढला तर पाणी शिरून आतली पत्री हिरवी झालेली. दुसऱ्या दुकानात जाऊन तिनं सांगितलं, "मागचा डावा, होल्डर गंजलाय, फ्यूज बघितलाय." तो माणूस हसला आणि म्हणाला, "मग झालंच की काम."

सगळे वायरिंगवाले फसवतात असं मी म्हणत नाही. बहुतेक जण प्रामाणिक असतात. पण "काहीतरी झालंय" एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकापुढे प्रामाणिक माणसालाही सगळीकडे शोधत बसावं लागतं, आणि त्याच्या वेळेचे पैसे आपणच देतो. डॉक्टरकडे गेल्यावर आपण "दुखतंय" एवढंच म्हणतो का? कुठे, कधीपासून, जेवल्यावर की आधी, सगळं सांगतो. गाडीचंही तसंच सांगायला शिकू.

काही जणी म्हणतील, "घरचं सगळं बघायचं, नोकरी करायची, आणि आता हेही आमच्याच डोक्यावर?" हा आक्षेप खरा आहे. मी कामं वाढवायच्या बाजूची नाही. पण हे काम वाट बघण्याचं काम कमी करतं. रविवारपर्यंत थांबणं, दिराला विनवणं, मुलाच्या मित्राला बोलावणं, रात्र झाली म्हणून न जाणं, याचा हिशेब मांडला तर भिंतीसमोरची दहा मिनिटं स्वस्त पडतात. आणि घरातले पुरुष ही कामं करत असतील तर करू देत की. फक्त त्यांना येतं म्हणून आपल्याला येऊ नये, असं काही नाही.

"बायकांना यंत्रातलं कळत नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी इतिहासातल्या दोन बायका सांगते. जर्मनीत ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याचीच नवी मोटार आणि दोन मुलं घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला आणि वायरीचा बिघाडही तिनंच शोधला. दुसरी फ्लॉरेन्स लॉरेन्स, अमेरिकेतल्या मूकपटांची नटी. १९१४ च्या सुमाराला तिनं गाडी कुठे वळणार ते दाखवणारा हात आणि ब्रेक दाबला की मागे वर येणारी "थांबा" अशी पाटी, या दोन गोष्टी बनवल्या. आज आपल्या गाडीला असलेल्या इंडिकेटरची आणि ब्रेक लाइटची कल्पना तीच. पेटंट मात्र तिनं घेतलं नाही.

मग काय करायचं? माझ्या दोन सूचना आहेत. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी क्लच-ब्रेक-गिअर शिकवताना एक तास दिवे आणि फ्यूजला द्यावा, आणि आपण फी भरतानाच तो मागावा. दुसरी सूचना महिला मंडळांना आणि बचत गटांना. एका दुपारी आपल्या गावातल्या वायरिंगवाल्याला बोलवा, चहा द्या, मानधन द्या आणि दोन-तीन गाड्या अंगणात उभ्या करून शिका. त्यालाही गिऱ्हाईक मिळेल.

आणि संक्रांतीचं वाण? प्लॅस्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या घरोघरी पुरेशा झाल्यात. जिच्याकडे गाडी आहे तिला एक छोटी डबी द्या. त्यात १० आणि १५ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, इंडिकेटरचा एक बल्ब आणि एक सुती फडकं. वाटीपेक्षा फार महाग पडत नाही. वाटी फडताळात जाते, ही डबी गाडीत राहील आणि एखाद्या रात्री कुणाला तरी घरी पोचवेल.

तोवर आज संध्याकाळी गाडी भिंतीसमोर लावा आणि दिवे मोजा. काय सापडलं ते मला जरूर कळवा.